साहेब, दुसऱ्या कुणाला तरी विचारा

माझ्या थोरल्या बहिणीच्या मुलाला कॅलिफोर्नियात ज्युरी ड्यूटीचं पत्र आलं, म्हणजे आरोपी दोषी की निर्दोष हे ठरवणाऱ्या साध्या नागरिकांत बसायचं बोलावणं. तिकडचं नागरिकत्व घेतल्यावरचं पहिलंच. त्याने ते कौतुकाने फॅमिली ग्रुपवर टाकलं आणि आमची यच्चयावत मंडळी कामाला लागली. काम एकच: हे टळेल कसं? मुलुंडच्या काकांनी लिहिलं, "इंग्रजी समजत नाही म्हणून कळव, त्याला सूट असते." सूट असते हे खरं, पण मुलगा चौदा वर्षं तिथे सॉफ्टवेअरमध्ये आहे. एका आत्तेबहिणीने सुचवलं, "मला सगळेच आरोपी गुन्हेगार वाटतात असं सांग, लगेच घरी पाठवतील." आणि आमचे भाऊजी, म्हणजे त्याचे सख्खे वडील, जे जन्मभर सकाळच्या चहाबरोबर "या देशाला शिस्त म्हणून नाही" असं म्हणत आले, त्यांनी डॉक्टरच्या सर्टिफिकेटची चौकशी सुरू केली. पुण्यातल्या डॉक्टरच्या!

मी लिहिलं, "जा रे. बसायला खुर्ची तरी देतील." त्यावर एक हसरा चेहरा आला आणि विषय गणपतीच्या तिकिटांकडे वळला.

खुर्चीचं मी उगाच म्हटलं नव्हतं. पण आधी ज्युरीचं उरकते, कारण तेव्हापासून माझ्या औषधांच्या दुकानात दोघातिघांनी विचारलं, "आपल्याकडे का नसते हो?" होती की. लोकमान्यांवरचे 1897 आणि 1908 चे राजद्रोहाचे खटले ज्युरीपुढेच चालले. पहिल्यात नऊ ज्युरींपैकी सहा युरोपियन आणि तीन हिंदी, निकाल सहा विरुद्ध तीन. दुसऱ्यात सात युरोपियन आणि दोन पारशी, निकाल सात विरुद्ध दोन. लेख आपल्या नारायण पेठेतल्या केसरीचे, अस्सल मराठीतले, आणि ज्यांनी दोषी ठरवलं त्यांनी ते वाचले भाषांतरात. कोण कुणाचा न्याय करतंय, हे पाहिलं की ज्युरीबद्दल गहिवर येत नाही.

मग नानावटी. त्या खटल्यामुळे ज्युरी बंद झाली, असं सगळे छातीठोकपणे सांगतात. नौदलातल्या कमांडर नानावटींनी बायकोच्या प्रियकरावर गोळ्या झाडल्या एप्रिल 1959 मध्ये. विधी आयोगाने ज्युरी रद्द करावी अशी शिफारस त्याच्या आदल्या वर्षीच केलेली होती. त्या खटल्याने फक्त शेवटचा खिळा ठोकला: ज्युरीने आठ विरुद्ध एक असं निर्दोष ठरवलं, न्यायाधीशांना ते पटलं नाही, त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं, तिथे जन्मठेप झाली आणि 1961 मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम केली. पुढे 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्युरीला जागाच उरली नाही. ती परत आणा असा माझा काही आग्रह नाही. मला सांगायचंय ते वेगळंच. ज्युरी गेल्यावर फौजदारी कामात साध्या माणसाला नागरिक म्हणून बोलावतात अशी एकच जागा राहिली, ती पंचाची, म्हणजे पोलिसांच्या झडतीला किंवा पंचनाम्याला साक्षीदार म्हणून उभं राहणाऱ्याची. आणि तिथे कुणी जात नाही.

माझं मेडिकल कर्वे रस्त्याच्या आतल्या अंगाला, एका चौकाच्या तोंडावर आहे. चौकात काहीही झालं की आधी आमच्याकडे कापूस आणि बँडेज मागायला येतात, आणि तासाभराने हवालदार येतात पंच मागायला. झडतीच्या वेळी त्या भागातले दोन तरी स्वतंत्र आणि प्रतिष्ठित रहिवासी हजर हवेत असं कायदा म्हणतो, आणि लेखी आदेश दिल्यावर सबळ कारणाशिवाय नकार देणं हा गुन्हा आहे. लेखी आदेश बिदेश कुणी काढत नाही. हवालदार म्हणतात, "चला हो पाच मिनिटं," आणि प्रतिष्ठित मंडळी हां हां म्हणता गायब होतात. ज्यांच्याकडे चौकातल्या प्रत्येक खड्ड्याचं मत तयार असतं, त्यांना नेमकी तेव्हा बँकेची वेळ गाठायची असते.

काही वर्षांपूर्वी एका गाडीने चौकात पायी चाललेल्या आजोबांना उडवलं. पाय मोडला. त्या घटनास्थळाच्या पंचनाम्याला मी गेले. सोबत दुसरा पंच कोपऱ्यावरचा चहाच्या टपरीवाला. हवालदार पॅडवर कागद लावून लिहीत होते, एक शिपाई टेप धरून मापं सांगत होता. पंचनाम्याची भाषा कोरीव लेखासारखी असते: "आम्ही खाली सह्या करणारे पंच, पोलिसांनी बोलावल्यावरून हजर आहोत..." मग चतुःसीमा. पूर्वेस अमुक इमारत, पश्चिमेस दुभाजक, दक्षिणेस फळांची गाडी. फुटलेल्या आरशाच्या काचा. दुधाची फुटलेली पिशवी. आजोबांची एक चप्पल, डाव्या पायाची, अंगठ्याला तार गुंडाळून दुरुस्त केलेली.

लिहून झाल्यावर टपरीवाल्याने सही ठोकली आणि तो स्टोव्ह चालू ठेवून आलाय म्हणून पळाला. मी कागद वाचायला घेतला. औषधाची चिठ्ठी दोनदा वाचल्याशिवाय मी गोळी देत नाही, तीच सवय. चप्पल "दुभाजकालगत" पडलेली असं लिहिलं होतं. चप्पल माझ्या डोळ्यांसमोर झेब्रा पट्ट्यांवर होती, फुटपाथच्या बाजूने दुसऱ्या पट्टीवर. मी तसं म्हटल्यावर हवालदार म्हणाले, "मॅडम, चपलेने काय फरक पडतो?" मी म्हटलं, "आजोबा पट्ट्यांवरून चालले होते की मधूनच घुसले, एवढाच." त्यांनी एक सुस्कारा सोडला, शब्द खोडला, वर बरोबर लिहिलं. खाडाखोडीपाशी माझी छोटी सही घेतली आणि टपरीवाल्याला परत बोलावून त्याचीही घेतली. तो माझ्याकडे असा बघत होता की मीच त्याचं दूध उतू घालवलं.

समन्स आलं तेव्हा मी ते प्रकरण विसरूनही गेले होते. कोर्टात जायचं म्हणजे माझ्यापुढे एक वेगळीच अडचण. औषधविक्रीला नोंदणीकृत फार्मासिस्ट समोर लागतो आणि दुकानात ती मी एकटीच. मी नसले की चिठ्ठीवरची औषधं बंद, साबण आणि डायपर तेवढे विकायचे. बीपीच्या गोळ्यांसाठी आलेल्या माणसाला परत पाठवून मी कोर्टाच्या व्हरांड्यात उभी. बाक होता, त्यावर फायली होत्या. कधी साहेब रजेवर, कधी आरोपीचे वकील दुसऱ्या कोर्टात, एकदा आरोपीच आला नाही. प्रत्येक वेळी पुढची तारीख आणि पट्टेवाल्याचं "ओ बाई, दारातून बाजूला व्हा." साक्षीदाराला भत्ता मिळतो. ज्या खिडकीवर तो मागायचा, तिथे पाण्याची बाटली आणि चष्मा होता, माणूस नव्हता.

अखेर पुकारा झाला. आधी टपरीवाला. त्याने शपथ घेतली आणि सांगितलं, पोलिसांनी सांगितलं म्हणून सही केली, कागदात काय लिहिलंय ते माहीत नाही. सरकारी वकिलांनी तो फितूर झाल्याचं जाहीर करून घेतलं. नंतर मी. आरोपीचे वकील थेट खाडाखोडीवर आले. "म्हणजे पोलिसांनी लिहिलेलं तुम्ही बदलायला लावलंत?"

"चुकीचं होतं, बरोबर करून घेतलं."

"चप्पल नेमकी कुठे होती हे तुम्हाला आज इतक्या वर्षांनी आठवतं?"

"चप्पल आठवते. अंगठ्याला तार होती."

त्यांनी पंचनामा चाळला. तारेचा उल्लेख त्यात नव्हता, पण जप्त मुद्देमालात चप्पल होती आणि तिला तार होती. पुढे त्यांनी विषय बदलला. त्या खटल्याचा निकाल काय लागला हे मला आजतागायत कुणी कळवलेलं नाही.

घरी आल्यावर सगळे टपरीवाल्याला नावं ठेवत होते. मला त्याचा राग आला नाही. तो रोज ज्या पोलिसांच्या डोळ्यांदेखत फुटपाथवर टपरी लावतो, त्यांना तो "मी आधी वाचतो" असं म्हणणार कसा? आणि कोर्टाच्या प्रत्येक तारखेला त्याची दिवसाची कमाई बुडत होती. माझं नुकसान झालं, पण माझ्या पाठीमागे दुकान आहे, डिग्री आहे, "मॅडम" आहे. म्हणून आपल्याकडच्या लोकांना जबाबदारीची जाणीवच नाही, हे वाक्य मला हल्ली ऐकवत नाही. जाणीव असलेला माणूस एकदा जातो. दुसऱ्यांदा तो का जात नाही, हे व्हरांड्यातल्या त्या फायलींच्या बाकाला विचारा.

भाचा मात्र गेला. तिकडे आदल्या संध्याकाळी वेबसाइटवर बघायचं असतं, आपल्या गटाला उद्या यायचंय की नाही. नसेल तर सुट्टी. असेल तर एका मोठ्या हॉलमध्ये बसवतात, मग वकील प्रश्न विचारतात आणि काहींना कारण न देता वगळतातही. याला वगळलं नाही. दारू पिऊन गाडी चालवल्याचा खटला होता. तिकडच्या राज्याच्या कोर्टात पहिल्या दिवसाचे काहीच पैसे मिळत नाहीत, दुसऱ्या दिवसापासून दिवसाला 15 डॉलर. भाऊजींनी लगेच रुपयांत हिशेब केला आणि गप्प बसले, कारण तिथे त्यात धड जेवणही येत नाही असं भाच्याने सांगितलं. खटला संपेपर्यंत त्याबद्दल कुणाशी अवाक्षर बोलायचं नाही असा नियम. आमच्या ग्रुपला हा आठवडा फार जड गेला.

संपल्यावर त्याने फोन केला तो तासभर बोलत होता. बारा जणांत एक फरशा बसवणारा होता, एक निवृत्त नर्स, एक कॉलेजातली मुलगी. बाराही जणांचं एकमत व्हावं लागतं. "मावशी, मला वाटलं होतं मीच सगळ्यात हुशार असेन," तो म्हणाला, "पण फरशीवाला बाबा दर वेळी एकच विचारायचा, हे आपल्याला कुणी सांगितलं आणि त्याला कसं कळलं? आम्ही अर्ध्याहून जास्त वेळ तेवढंच तपासत होतो." आणि मग त्याने जे सांगितलं ते ऐकून मी हातातली गोळ्यांची स्ट्रिप खाली ठेवली. ज्युरी आत यायला लागली की सगळं कोर्ट उठून उभं राहायचं. वकील, आरोपी, सगळे.

तिकडेही लोक पळवाटा शोधतात, भाच्याच्या ऑफिसात त्याच्यावर हसलेच. पण जो येतो त्याच्यासाठी उभं राहतात.

आपल्याकडे सक्तीने नागरिक कर्तव्य करतात ते शिक्षक. माझ्या शेजारच्या बाई दर निवडणुकीला ईव्हीएमच्या पेटीशेजारी शाळेच्या वर्गात सतरंजी टाकून झोपतात, पहाटे उठून मशीन मांडतात, रात्री ते जमा करायला रांगेत उभ्या राहतात. आणि ज्यांच्यासाठी हे चाललेलं असतं, त्या आपल्या पुणे मतदारसंघात 2019 च्या लोकसभेला निम्म्या लोकांनीही मत दिलं नव्हतं. 2024 ला निम्म्याच्या जरासं वर सरकलो. यावर मी जास्त लिहीत नाही, नाहीतर महाबळेश्वरला गेलेले रागावतात.

एक गोष्ट मात्र दुकानात पाटी करून लावली आहे, कारण दर अपघाताला तीच अडखळ दिसते. जखमीला दवाखान्यात नेणाऱ्यावर पोलिसांचा किंवा कोर्टाचा ससेमिरा लागू शकत नाही. सुप्रीम कोर्टाने 2016 मध्ये तशा मार्गदर्शक सूचना मान्य केल्या आणि 2019 ला मोटार वाहन कायद्यातच दुरुस्ती झाली. नाव सांगायचं की नाही हेही नेणाऱ्याच्या मर्जीवर आहे. पाटीखाली कुणीतरी पेनने लिहून गेलंय, "असं म्हणतात." पुण्यात पाटीला उत्तर मिळणारच.

आता परवाची गोष्ट. मागच्या गल्लीत एका खोलीची झडती होती, चोरीच्या मोबाइलची. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी नवीन भारतीय नागरिक सुरक्षा संहिता जुलै 2024 पासून लागू झाली, त्यात झडती आणि जप्तीचं व्हिडिओ चित्रण करायला सांगितलंय, पण पंच आहेतच. हवालदार (हे नवे, तरुण) आमच्या काउंटरवरच्या मुलाला न्यायला आले. बावीस वर्षांचा आहे, हुशार, वाचून सही करेल असा. मी खूश झाले. तासाभरात त्याच्या आईचा फोन. "ताई, त्याला पाठवू नका हो. ज्याची झडती आहे ते आमच्याच वस्तीतले. तुम्ही रात्री दुकान बंद करून घरी जाता, आम्हाला तिथेच झोपायचंय."

पगार कापणार नाही, एवढंच मला सांगता आलं. त्यावर ती म्हणाली, पगाराचं नाही हो ताई.

मग मीच गेले. मोबाइलवर शूटिंग करणाऱ्या शिपायाला मधेच फोन आला, तो कट करण्यात चित्रण बंद पडलं, पुन्हा सुरू केलं. मी कागद वाचला, एक आयएमईआय नंबर, म्हणजे फोनचा ओळखक्रमांक, आकडा आकडा जुळवून घेतला, सही केली. निघताना हवालदार खूश होऊन म्हणाले, "मॅडम, तुमचा नंबर सेव्ह करून ठेवतो. तुमच्यासारखं कुणी मिळत नाही. काही असलं की तुम्हालाच बोलावतो."

म्हणजे मी आता नेहमीची पंच. उलटतपासणीत वकिलाचा पहिला प्रश्न हाच असतो: तुम्ही याआधी पोलिसांसाठी किती वेळा सह्या केल्या आहेत? मी हवालदारांना म्हटलं, पुढच्या वेळी शेजारच्या कापडवाल्यांना न्या, त्यांचं मराठी अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे. आम्ही दोघांनी तिकडे पाहिलं. भर दुपारी त्यांचं शटर अर्धं खाली होतं आणि उरलेल्या फटीतून त्यांचे पाय दिसत होते.