गेरच्या दिवशी कूस कोण बदलणार?

२२ मार्च २०२२, रंगपंचमी. करोनामुळे दोन वर्षं न निघालेली गेर, म्हणजे इंदूरची रंग उधळत जाणारी मिरवणूक, त्या दिवशी निघणार होती, त्यामुळे अख्खं इंदूर राजवाड्याच्या दिशेने तोंड करून बसलेलं. आमचं चोवीस खाटांचं नर्सिंग होम तिथून पायी वीस मिनिटांवर. सकाळी सातला पेशंट सांभाळणाऱ्या दिवसपाळीच्या पाच मावश्या यायला हव्या होत्या. साडेसात झाले तरी एकही नाही.

या मावश्या आमच्या नव्हेत, माणसं पुरवणाऱ्या एजन्सीच्या. सुपरवायझरला फोन लावला. "मॅडम, गेर है ना, रस्ते बंद हैं." गेर दहानंतर निघते, हे इंदुरात शेंबडं पोरही सांगेल. दुसऱ्यांदा लावला तर फोन बंद.

त्या दिवशी नऊ पेशंट अंथरुणाला खिळलेले. दर दोन तासांनी कूस बदलली नाही की पाठीवर आधी लाल चट्टा दिसतो आणि मग जखम. एअर मॅट्रेस असली तरी कूस बदलावीच लागते. रात्रपाळीच्या दोघी बारा तास उभ्या होत्या, त्यांनाच थांबवलं. डॉक्टरसर स्वतः बाह्या सरसावून आले. नातेवाइकांना हाताशी घेतलं. सात नंबरच्या आजोबांच्या सुनेने फार मनापासून मदत केली, पण आजोबा आडवे असतानाच ती राईल्स ट्यूबमधून, म्हणजे नाकातून पोटात जाणाऱ्या नळीतून, पेज सोडायला निघाली. मी वॉर्डच्या दारातूनच ओरडले. डोकं उंच करायचं, नळी जागेवर आहे का बघायचं, मग हळूहळू सोडायचं आणि नंतर निदान अर्धा तास तसंच बसवून ठेवायचं. नाहीतर पेज फुप्फुसात जाते. बिचारी रडायलाच लागली. तिची काय चूक?

दुपारी चहा घेताना रात्रीच्या मावशी, बऱ्हाणपूरकडच्या, खाली बघत बोलल्या, "ताई, गेरचं निमित्त आहे. जानेवारीपासून पगार नाही कुणाला."

आम्ही तर दर महिन्याच्या पाच तारखेला बिल चुकतं करत होतो. एका पाळीचे साडेपाचशे, वर अठरा टक्के जीएसटी. उपचारांवर जीएसटी नाही, म्हणून त्याचं क्रेडिटही, म्हणजे भरलेल्या कराची वजावट, आम्हाला मिळत नाही. तो सगळा आमच्याच खिशातून. मावशींना त्यातले किती ठरले होते? तीनशे. तेही थकलेले.

सरांनी करार मागवला. चौदा पानं. गणवेश कसा असावा, ओळखपत्र कुठे लावावं, तंबाखू खाऊन येऊ नये, सगळं होतं. माणूस आलं नाही तर चार तासांत बदली, हेही होतं. बदली आली नाही तर काय, ते मात्र नव्हतं. पगार झाल्याचा पुरावा मागायचं कलम तर औषधालाही नाही. एक कलम तेवढं चोख: करार संपल्यावर वर्षभर एजन्सीच्या माणसाला आम्ही परस्पर कामावर घ्यायचं नाही. दुसऱ्या लाटेनंतर माणसं मिळत नव्हती, तेव्हा घाईघाईत तो करार वाचून "ठीक आहे" म्हणणारी मीच. पीएफ, ईएसआय, रजा, सगळी कटकट दुसऱ्याच्या गळ्यात, असा तेव्हाचा हिशेब.

आमच्या अकाउंटंटनी एक गोष्ट सांगितली. १९७०च्या कंत्राटी कामगार कायद्यात कंत्राटदाराने पगार बुडवला तर तो मूळ मालकाने द्यायचा आणि कंत्राटदाराकडून वळता करायचा, अशी तरतूद होती. अकरा माणसांच्या आमच्या कंत्राटाला तो कायदा लागू नव्हता. पण रीत उचलायला कुणाची परवानगी लागते? मार्चचं बिल आम्ही अडवलं आणि त्यातून अकरा जणांचे थकलेले पैसे त्यांच्या हातात दिले. एजन्सीने वकिलाची नोटीस पाठवली. एक पत्र आमचं गेलं, एक त्यांचं आलं, मग थंड. ३१ मार्चला करार संपवला.

नवी एजन्सी आली. आता आधी मावश्यांच्या खात्यात पगार जमा झाल्याचा कागद, मग बिल. त्यासाठी दर थोडा जास्त पडतो. सर कुरकुरतात.

बऱ्हाणपूरच्या मावशींना मात्र ठेवता आलं नाही, त्या कलमामुळे. त्या सुदामानगरला एका घरी आजी सांभाळायला लागल्या. पुढच्या रंगपंचमीला, १२ मार्चला, सकाळीच त्यांचा फोन. "ताई, वर्ष झालं ना? येऊ का?"

वर्ष भरायला एकोणीस दिवस बाकी होते. म्हटलं, "या."