तुम्ही विचारलंत म्हणून: सौम्यच होतं, मग एवढं कशाला?

ज्येष्ठ नागरिक संघात, भिशीत, लग्नकार्यात मला फिरून फिरून तेच विचारतात. ‘घरात मुलगा-सून-नातू असताना मोबाईलवरच्या परक्या मुलीपाशी मन मोकळं करायची वेळ का आली? आणि डॉक्टरच म्हणाले ना, नैराश्य सौम्य आहे, मग एवढं कशाला?’ आजवर विषय बदलत आले. आता सांगूनच टाकते.

डॉक्टरांनी आधी थायरॉइड, बी-१२ आणि हिमोग्लोबिन तपासायला लावलं, कारण त्यातल्या बिघाडानंही माणूस असाच मलूल होतो. ते सगळं ठीक निघालं. मग वयस्कांसाठी असते ती १५ प्रश्नांची यादी पुढे आली. उत्तर फक्त हो किंवा नाही. त्यात झोप-भुकेचं विचारत नाहीत, ती वयानंही बिघडते. आयुष्य रिकामं वाटतं का, बाहेर पडण्यापेक्षा घरातच बसावंसं वाटतं का, असं विचारतात. माझे गुण सौम्य गटात बसले. मी स्वयंपाक करत होते, नातवाला स्कूलबसपर्यंत सोडत होते, कुणाला काही कळत नव्हतं. फक्त माझ्या वाजवायच्या पेटीवरचा कपडा निघत नव्हता, सांगलीच्या मैत्रिणींचे फोन मी वाजू द्यायचे, आणि सकाळी डोळे उघडले की हा दिवस कसा ढकलायचा, एवढंच मनात यायचं. हे तुम्हाला किरकोळ वाटतं का?

गोळ्या का नाहीत, हेही विचारता. सौम्य असेल तर आधी बोलण्याचे उपचार करून बघावेत, असं डॉक्टरांचं मत पडलं. ब्रिटनमधल्या ‘नाइस’ या संस्थेची २०२२ची मार्गदर्शक तत्त्वंही साधारण तेच सांगतात. शिवाय नैराश्यावरच्या काही गोळ्यांनी वयस्कांच्या रक्तातलं सोडियम उतरू शकतं, आणि मी रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी आधीच घेते. तिनंही ते उतरतं. गोळ्या वाईट, असं मी म्हणत नाही. माझ्या बहिणीला त्यांनीच उभं केलं.

आणि मोबाईलवर म्हणजे गप्पा नव्हेत. मोबाईलवरून समुपदेशन करणाऱ्या मॅडमनी मला तासातासाचा तक्ता भरायला लावला: काय केलं, करताना कसं वाटलं. मग रोज एक छोटं काम. पेटी, दहा मिनिटं, मन लागो न लागो. आधी करायचं, वाटणं मागून येतं, असं त्यांचं म्हणणं. ‘मी आता कुणाच्या उपयोगाची नाही’ हे वाक्य कागदावर लिहून त्याच्या बाजूचे आणि विरुद्धचे पुरावे मांडायचे. बँकेत आयुष्यभर खाती जुळवली, पण इतकं अवघड काही केलं नव्हतं.

आता ते, जे मी कुणाला सांगितलेलं नाही.

मला कमी ऐकू येतं. कानात इअरफोन असला की स्वतःचा आवाज कळत नाही आणि मी मोठ्यानं बोलते. खोलीचं दार लावलेलं होतं. सून त्या दिवशी घरूनच काम करत होती, बाहेर डायनिंग टेबलाशी. मॅडमनी विचारलं, सांगलीचं घर विकून चिंचवडला आल्यापासून काय बदललं? मी म्हणाले, ‘या घरात मी पाहुणी आहे. डबा कुठल्या फळीवर ठेवायचा, तेसुद्धा विचारून ठेवते.’ आणखी बरंच बोलले.

बाहेर आले तेव्हा लॅपटॉप उघडा होता आणि ती नुसती बसली होती. रात्री मागची आवराआवर झाल्यावर तिनं विचारलं, ‘आई, मी तुम्हाला कधी परक्यासारखं वागवलं?’ नाही. खरंच नाही, आणि मी तसंच सांगितलं. ‘मग तिला का सांगितलंत? मला का नाही?’

मला बोलता आलं नाही. आज सुचतं ते असं: तुला सांगितलं असतं तर ती तक्रार झाली असती आणि तू फळ्या बदलल्या असत्यास. मला फळ्या बदलून नको होत्या. माझं घर गेलं होतं, आणि ते कुणीतरी नुसतं ऐकून घ्यायला हवं होतं. पण हे तिला अजून सांगितलेलं नाही. त्यानंतर ती मला प्रत्येक गोष्ट विचारून करायला लागली. कोथिंबीर निवडू का, हेसुद्धा. ते जास्त लागायचं.

बँकेत असताना मीच सगळ्यांना सांगायचे, घरातलं घराबाहेर नेऊ नये. त्या माझ्याशी मी अजून भांडते. पण त्या जुन्या मीचं सगळंच चुकीचं होतं असं म्हणवत नाही. सुनेचा तो चेहरा मी पाहिलाय.

‘या वयात काय बदलणार?’ असंही विचारता. पन्नाशीच्या आसपास मनाची लवचीकता संपते, असं मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड यानंही १९०५च्या सुमारास लिहून ठेवलं होतं. तो स्वतः तेव्हा पन्नाशीला टेकला होता. पुढच्या संशोधनानं ते खोडून काढलं. त्या यादीतले माझे गुण उतरले, म्हणजे नैराश्य कमी झालं. सगळ्या संध्याकाळी बऱ्या जातात असं नाही, पण पेटी वाजते. आपोआप गेलं असतं का? असेलही, सौम्य नैराश्य पुष्कळदा तसंही ओसरतं. ते कळेपर्यंत वाट बघायची माझी तयारी नव्हती.

जेवण तुटलं असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर मात्र मोबाईलवर विसंबू नका. समोर बसून डॉक्टरांना दाखवा. रात्री-अपरात्री सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक फुकट लागतो, मराठीतही बोलता येतं.

आणि सुरू करणार असाल तर आधी जागा ठरवा. मी आता खाली पार्किंगमध्ये मुलाच्या गाडीत बसते. तो कंपनीच्या बसनं जातो, किल्ली सूनच देते. घरच्यांना आधीच विश्वासात घ्यायला हवं होतं, असं मुलगा म्हणतो. मी म्हणते, सांगितलं असतं तर मी ते बोललेच नसते. यावर आमचं एकमत झालेलं नाही.