सातबाऱ्यावर नावं किती?

मी ३१ वर्षं बँकेत काढली, त्यातली शेवटची १२ कर्जाच्या टेबलावर. त्यामुळे लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेला माणूस जिलबी येईपर्यंत हा प्रश्न काढतोच: ‘आपली पोरं धंद्यात का उतरत नाहीत हो? रक्तातच नाही का ते?’ आजवर मी हसून मठ्ठा मागवायचो. परवा तुम्ही विचारलंत आणि उत्तरासाठी थांबलातही, म्हणून लिहितो.

रक्ताचं मला कळत नाही. फायलींचं कळतं. २०११ साली कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एकाच मशीनशॉपमधली दोन पोरं एकाच आठवड्यात माझ्यासमोर बसली. दोघंही आयटीआय, दोघांचीही सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर, आठ-नऊ वर्षं झालेली. कोटेशनही एकाच डीलरचं, जुन्या मशीनचं, साडेअकरा लाखांचं. हात दुसऱ्याचा चांगला होता, त्याच्या मालकानंच मला तसं सांगितलं होतं.

कर्ज पहिल्याला मिळालं. वडिलांचं शहरात घर, प्रॉपर्टी कार्डावर त्यांचं एकट्याचं नाव, आणि बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका.

दुसऱ्याचं घर गावठाणात. कागद म्हणून ग्रामपंचायतीचा घरपट्टीचा उतारा, म्हणजे कर भरल्याचा पुरावा, मालकीचा नाही. शेत दोन एकर, सातबाऱ्यावर ११ नावं, त्यात मुंबईला असणाऱ्या दोन आत्या आणि कोर्टात गेलेला एक चुलतभाऊ. सातबारा स्वच्छ असता तरी फरक पडला नसता. बुडीत कर्जासाठी तारण जप्त करून विकायचा अधिकार बँकेला ज्या सरफेसी कायद्यानं मिळतो, तो शेतजमिनीला लागूच नाही. म्हणून धंद्याच्या कर्जाला शेत तारण म्हणून दिलं की मॅनेजर कपाळाला आठ्या घालतो. गावठाणं ड्रोननं मोजून घरांना मालकीचे कागद देणारी स्वामित्व योजना आली २०२० मध्ये. त्याला नऊ वर्षं उशीर झाला.

आता तुम्ही म्हणाल, बिनतारणी कर्जाची सोय होती ना? होती. छोट्या उद्योगांच्या कर्जाला हमी देणारा सरकारी ट्रस्ट २००० सालापासून आहे. रिझर्व्ह बँकेनं २०१० मध्ये १० लाखांपर्यंत तारण मागूच नका असं बजावलं. याचं कोटेशन साडेअकराचं, म्हणजे ती सक्ती नाही, पण हमी घेता आली असती. मी घेतली नाही. कर्ज थकलं की आधी दावा लावायचा, मग हमीचे पैसे मागायचे, आणि दरम्यान खुलासा द्यायचा तो सही करणाऱ्यानं. नाकारलेल्या कर्जाबद्दल मला आयुष्यात कुणी खुलासा विचारला नाही.

त्याला मी शहाजोगपणे सल्लाही दिला होता: आत्यांकडून हक्कसोड लिहून घे. महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून मुलींचा वडिलोपार्जित मालमत्तेत समान वाटा आहे, आणि आमच्याकडे तो बहुतेक वेळा साडी-चोळीवर सुटतो. त्या आत्यांची एखादी लेक उद्या कर्ज मागायला आली असती, तर मी तिला तारण काय विचारणार होतो?

पहिल्याचीही चैन नव्हती. माल गेला की मोठी कंपनी १२० दिवसांनी पैसे द्यायची. छोट्या उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यानं ४५ दिवसांत द्यायला हवेत, नाही तर बँक दराच्या तिप्पट व्याज. पण तक्रार करून पुढची ऑर्डर कोण घालवणार? दीड वर्ष घर बाईंच्या पगारावर चाललं. कामगारांचा पगार एकदा बाईंनी शिक्षकांच्या सोसायटीतून काढलेल्या कर्जातून झाला. आज त्याच्या शेडवर बोर्ड त्याच्या नावाचा आहे. (आता २०२३-२४ च्या हिशेबापासून मुदतीत न चुकवलेली बिलं माल घेणाऱ्या कंपनीला त्या वर्षी खर्चात दाखवता येत नाहीत, म्हणून मार्चमध्ये थोडी धावपळ होते म्हणे.)

आपण लक्ष्मणराव किर्लोस्करांची चिकाटी सांगतो, आणि ती होतीच. पण बेळगावातली जागा गेल्यावर १९१० मध्ये औंधच्या संस्थानिकांनी कुंडलजवळचा माळ दिला, तेव्हा किर्लोस्करवाडी उभी राहिली. हे वाक्य आपण गोष्टीत भराभर वाचून पुढे जातो.

दुसरा पोरगा अजून नोकरीतच आहे, सुपरवायझर झालाय. गेल्या महिन्यात भेटला, मुलगा डिप्लोमाला आहे म्हणाला. ‘साहेब, त्याच्या डोक्यात धंद्याचं खूळ आहे. काय सांगू?’

मी विचारलं, ‘सातबाऱ्यावर आता नावं किती?’

‘चौदा,’ तो म्हणाला.