पखवाजवाल्यांची कलमं

आज दिवसभर अंबाजोगाईजवळच्या एका शेतात गावरान कोयांच्या रोपांवर केसर आंब्याची कलमं बांधणं चाललं होतं. बांधणारे सगळे भजनी मंडळातले पखवाज-तबलावाले. वादी (वाद्याची चामडी पट्टी) आवळायची सवय असलेल्या बोटांना हे काम लवकर जमतं, हे खरंच.

पद्धत पाचर कलमाची. खुंट, म्हणजे खालचं कोयीचं रोप, पेन्सिलीएवढा जाड हवा. केसरची काडी 10-15 सें.मी.ची, फुगलेल्या डोळ्याची. तिची पानं 8-10 दिवस आधीच देठ ठेवून छाटलेली. खुंट मधोमध 3-4 सें.मी. चिरायचा, काडीला तेवढीच पाचर द्यायची. पाचर एका कापात व्हावी. खरवडत बसलं की पृष्ठ उंचसखल होतं, फट राहते, काडी काळी पडते.

काडी खुंटापेक्षा बारीक असेल तर मधोमध ठेवू नका, एका कडेला सरकवा. साल सालीला भिडलीच पाहिजे, बाकी सगळं नंतर. मग प्लास्टिकची पट्टी खालून वर, कौलासारखी एकावर एक. म्हणजे पावसाचं पाणी आत उतरत नाही. वरून पेप्सीकोल्याची (बर्फाच्या कांडीची) लांबट पिशवी टोपीसारखी. साधारण तीन आठवड्यांत कोंब दिसला की ती काढायची, नाहीतर आतच कोंब सडतो.

खुंटाला खालून फुटवे येतात, ते खुडत राहायचं. दया दाखवली की काडी उपाशी मरते.

आणि हो, चाकू धरताना डाव्या अंगठ्याला चिकटपट्टी गुंडाळा. एकादशीला कीर्तन आहे!