पुन्हा तोच कोपरा

झुरळाबद्दल घरात मतभेद नसतात. दिसलं की चप्पल. पालीशीही एव्हाना काहीतरी तडजोड झालेली असते. गांधीलमाशी आली की मात्र घरात तट पडतात. आमच्याकडे सासूबाई ‘जाळून टाका एकदाचं’ या मताच्या. लेक ‘कोणी हात लावायचा नाही’ या मताची. आणि ह्यांचं मत एकच, ‘रविवारी बघू’. रविवार उजाडेपर्यंत पोळ्याला आणखी घरं जोडलेली असतात आणि मग तो रविवारही ‘आज नको, फार आहेत’ म्हणत पुढे ढकलला जातो.

जागा ठरलेली आहे. मागच्या गॅलरीत छत आणि भिंत जिथे मिळतात, तो कोपरा. पोळं काढून झालं, कोपरा खरवडून झाला, वरून रंगाचा हात फिरवून झाला. ऋतू पालटला की तिथेच, फार तर वीतभर अंतर सोडून, बारीक देठाला लटकलेली करड्या रंगाची इवलीशी छत्री दिसते आणि तिच्यावर पाय रोवून बसलेली एकटी माशी.

यात सूड वगैरे काही नसतो. शांतपणे पाहिलं तर तिची निवड पटण्यासारखी आहे. त्या कोपऱ्यात पाऊस येत नाही, वारा झोंबत नाही, सकाळचं कोवळं ऊन मिळतं, वर्दळ कमी. हे घर घेताना आम्ही ज्या गोष्टी पाहिल्या त्या जवळपास याच होत्या. तिला फक्त कर्ज काढावं लागलं नाही. शिवाय कागदी पोळी बांधणाऱ्या कितीतरी जातींच्या माद्या, नवा संसार थाटताना, आपण जन्मलो त्या पोळ्याच्या आसपासचीच जागा धरतात. म्हणजे ही नुसती भाडेकरू नाही, माहेरी परत आलेली आहे. आणि ती नसेल, दुसरीच कुणी परकी असेल, तरी चांगला कोपरा तिलाही चांगलाच दिसणार.

बांधकाम मात्र बघत बसावं असं असतं. गॅलरीच्या दाराची जुनी लाकडी चौकट, रॉगन उडालेली, हे तिचं सामान मिळण्याचं ठिकाण. दुपारी घरात शांतता असली की चौकटीतून खर्र खर्र असा बारीक आवाज येतो. जबड्याने लाकूड खरवडत ती मागे मागे सरकते आणि तेवढी पट्टी फिकट, नव्या लाकडाच्या रंगाची उरते. आमच्या चौकटीवर अशा पट्ट्या पट्ट्या झाल्या आहेत. खरवडलेला भुसा लाळेत मळायचा, त्याची गोळी जबड्यात धरून उडायचं, पोळ्याच्या कडेला ती पातळ पसरत जायचं. मिशा सारख्या हलत असतात, भिंतीची जाडी चाचपत. वाळलं की कागद. नुसता कागदासारखा पदार्थ नाही, खरोखर कागदच. चिंध्यांपासून कागद करायच्या काळात, 1719 मध्ये, रेओम्यूर या फ्रेंच शास्त्रज्ञाने याच माश्यांकडे बोट दाखवून म्हटलं होतं की कागद लाकडापासूनही होऊ शकेल. माणसाला ते जमायला पुढे शंभराहून अधिक वर्षं लागली. देठ तेवढा काळसर, चकचकीत दिसतो. त्याला ती पोटाकडच्या ग्रंथींतला एक स्राव चोपडते, मुंग्यांनी त्या वाटेने खाली उतरू नये म्हणून. आम्ही साखरेच्या डब्यासाठी इतके उपाय केले, हा एक सुचला नव्हता.

‘अहो, राणी मारली की बाकीच्या आपोआप जातात,’ हा सासूबाईंचा सिद्धांत. त्यांच्या मते सगळ्यांत मोठी दिसते ती राणी. राघवेंद्र गदगकर या भारतीय शास्त्रज्ञांनी ‘रोपालिडिया मार्जिनाटा’ या आपल्याकडच्या गांधीलमाशीचा आयुष्यभर अभ्यास केला. त्यांचं काम वाचल्यावर हा सिद्धांत गुंडाळून ठेवावा लागला. या जातीत राणी रूपाने ओळखूच येत नाही. उलट ती सगळ्यांत गरीब स्वभावाची असते, कोणाच्या अध्यात न मध्यात. तिला उचलून बाजूला केलं की इतरांपैकी एक माशी एकदम आक्रमक होते, बाकीच्यांना दटावत सुटते, आणि काही दिवसांनी अंडी घालू लागून स्वतःच राणी होते. वारस कोण हे माश्यांना आधीच ठाऊक असतं असं दिसतं, कारण बाकीच्या विरोध करत नाहीत. सासूबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, ‘म्हणूनच म्हणते, जाळा.’

जाळणं आमच्याकडे कटाक्षाने टाळलं जातं. काठीला पेटतं फडकं बांधून छतापर्यंत न्यायचं, खाली वाळत घातलेले कपडे, वर चिडलेल्या माश्या आणि मधे स्टुलावर आपण. पोळ्याआधी घर जाईल. फवारा मारून पाहिला. त्याने माश्या मेल्या, पण चरायला गेलेल्या काही बाहेरच होत्या. त्या परत आल्या आणि मोकळ्या कोपऱ्यापुढे हवेतच घिरट्या घालत राहिल्या, पोळं असायचं नेमक्या त्याच उंचीवर. खुणा पाठ करण्याची त्यांची ताकद विलक्षण असते. पुढे 1973 च्या नोबेलचे एक मानकरी ठरलेल्या निको टिंबर्जेन यांनी तरुणपणी जमिनीत बीळ करणाऱ्या एका गांधीलमाशीच्या बिळाभोवती पाइनच्या फळांचं कडं मांडलं. तिला त्याची सवय झाल्यावर, ती बाहेर गेलेली असताना, कडं उचलून थोडं बाजूला ठेवलं. माशी परतली आणि बीळ सोडून त्या कड्याच्या मधोमध शोधत बसली. आमच्या कोपऱ्यातल्या खुणा म्हणजे ट्यूबलाइट, पाइप आणि दोरीचा हूक. त्या कुठे हलवणार?

कोणीतरी कागदाची पिशवी फुगवून टांगायला सांगितलं. दुसऱ्याचं पोळं आहे असं वाटून त्या येत नाहीत म्हणे. आम्ही टांगली. त्या पिशवीला वळसा घालून कोपऱ्यात जायच्या.

डंखाबद्दल लिहायलाच हवं, कारण ह्यांचा बहुप्रतीक्षित रविवार अखेर उजाडला तेव्हा मनगटावर एक बसला. डंख फक्त माद्यांना असतो. अंडी घालायच्या अवयवाचंच ते बदललेलं रूप आहे. मधमाशीची नांगी आकड्यांमुळे आपल्या कातडीत अडकून राहते आणि ती मरते. गांधीलमाशीची नांगी अडकत नाही, त्यामुळे एकच माशी मनात येईल तितक्या वेळा डसू शकते. म्हणून काटा काढायला चिमटा शोधण्यात अर्थ नसतो. जागा धुवून बर्फ लावायचा, अंगठी असेल तर सूज चढायच्या आत उतरवायची. ओठ किंवा डोळे सुजले, अंगभर गांध्या उठल्या, श्वास लागला किंवा गरगरलं, तर मात्र घरगुती उपायांत वेळ घालवायचा नाही, तडक दवाखाना. जस्टिन श्मिट नावाच्या कीटकशास्त्रज्ञाने असंख्य डंख स्वतः सोसून वेदनेची 1 ते 4 अशी पट्टी केली होती. मधमाशी त्यात 2 वर. ह्यांनी स्वतःला 4 दिले. आम्ही हरकत घेतली नाही.

या सगळ्यात कुंभारीण माशी वेगळी, तरी घरात तीही ‘गांधीलमाशी’तच जमा होते. ही एकटी राहते, चिखलाची मडकी करते, सहसा डसायला येत नाही. पण हिला भोकं दिसली की राहवत नाही. कुलपाचं भोक, न वापरलेला प्लग, पडद्याच्या दांडीचं टोक, सगळं लिंपून ठेवते. विमानाचा वेग मोजणाऱ्या बारीक नळ्याही तिच्या जातभाईंनी सोडलेल्या नाहीत. 1996 मध्ये डोमिनिकन प्रजासत्ताकाच्या किनाऱ्याजवळ बोइंग 757 समुद्रात कोसळून 189 जण गेले. तशी एक नळी बुजल्यामुळे वेग चुकीचा दिसत होता असा तपासाचा निष्कर्ष निघाला आणि संशयित ठरली ती चिखलाचं घर करणारी माशी. नळ्या हाती लागल्या नाहीत, म्हणून संशयच. आमच्या प्लगचं तेवढं मनावर घ्यायला नको, पण त्यावर टेप लावलेली आहे.

हिच्याबद्दल आपल्याकडे फार सुंदर समजूत आहे. ती अळी पकडून मातीच्या घरात कोंडते, बाहेरून गुणगुणत राहते आणि त्या ध्यासाने अळीची माशी होते, भ्रमरकीटक न्याय. सासूबाई हा दृष्टान्त प्रवचनात ऐकून आलेल्या. एकदा प्लगमधलं मडकं फुटलं तेव्हा लेकीने आत काय आहे ते दाखवलं: ढीगभर कोळी, हलके हलके पाय हालणारे, जिवंत पण लुळे पडलेले, आणि त्यातल्या एकाला चिकटलेली पांढरी अळी, जेवणाला बसलेली. कुठल्या जाती कोळी भरतात, कुठल्या सुरवंट. ध्यास कोणी घेतलेला नसतो, आतल्या अंड्यातून निघालेलं पिल्लूच बाहेर पडतं. ‘असू दे,’ सासूबाई म्हणाल्या, ‘दृष्टान्ताला काही होत नाही.’ मला ते पटलं.

आता व्यवस्था अशी. ऋतू पालटू लागला की लेक रोज कोपऱ्यात टॉर्च मारते. पोळं चारदोन घरांचं आणि माशी एकटी असते तोवरच काम सोपं असतं. ती लाकूड आणायला गेली की लांब दांड्याच्या झाडूने ते काढायचं. ती पुन्हा सुरू करते, आम्ही पुन्हा काढतो. दोघींपैकी कोणीतरी आधी कंटाळतं आणि बहुतेकदा तीच. चौकटीला रॉगन दिलं, फटी सिलिकॉनने बुजवल्या. मात्र जिथे कोणाचं डोकं वा हात जात नाही, तिथलं पोळं राहू द्यायचं, हे लेकीने मान्य करून घेतलं आहे. त्या आपल्या पिल्लांना सुरवंट चावून चावून भरवतात आणि कुंड्यांतल्या पानांना पडणारी भोकं खरंच कमी झाली आहेत.

सध्या असं एक पोळं गच्चीवरच्या टाकीच्या पलीकडच्या अंगाला आहे, चांगलं भरलेलं. टाकी धुवायला येणाऱ्या माणसाला शिडी लावायच्या आधी ते सांगायचं, एवढं कोणीतरी लक्षात ठेवायला हवं. ते काम ह्यांच्याकडे दिलंय, पण मीही कॅलेंडरवर लिहून ठेवलं आहे.