गोधडीतला नकाशा आणि जेकबचं पत्र

गोधड्या शिवते म्हटलं की हा प्रश्न येतोच: अमेरिकेत गुलामगिरीतून पळणाऱ्यांना गोधडीच्या नक्षीतून वाट दाखवायचे, ते खरं का हो?

मला नाही पटत. ही कथा पसरली १९९९ सालच्या एका पुस्तकामुळे, आणि तिचा मुख्य आधार म्हणजे एका घरातली आठवण. गुलामी भोगलेल्या दोन हजारांहून जास्त माणसांच्या मुलाखती १९३०च्या दशकात घेतल्या गेल्या, त्यांत असल्या संकेताचा पत्ता नाही. शिवाय तातडीचा निरोप कोण टाके घालत बसेल?

त्यापेक्षा हॅरिएट टबमनचं पत्र बघा. अमेरिकेतल्या मेरीलँडमधल्या गुलामगिरीतून १८४९ साली निसटलेली ही बाई, लिहिता-वाचता न येणारी. १८५४च्या डिसेंबरात तिने कुणाकडून तरी पत्र लिहवून घेतलं आणि जेकब जॅक्सन या तिकडच्याच स्वतंत्र, साक्षर काळ्या माणसाला धाडलं. मजकूर भक्तिभावाचा: माझ्या भावांना सांग, प्रार्थनेत जागे राहा, सियोनचं जुनं जहाज आलं की चढायला तयार असा. खाली सही जेकबच्या दत्तक मुलाची. टपाल आधी गोऱ्यांनी फोडलं. त्या मुलाला तर भाऊच नव्हते, म्हणून ते चक्रावले आणि त्यांनी जेकबला बोलावलं. त्याने वाचलं, हॅरिएट भावांना न्यायला येतेय हे क्षणात ओळखलं, आणि पत्र भिरकावून दिलं: हे माझं नसणारच, मला यातलं काही कळत नाही! मग निरोप पोचवायला निघाला.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी तिचे भाऊ विकले जाणार होते. नाताळच्या आदल्या रात्रीच ते निघाले आणि आईबापांच्या खोपटाजवळ वैरणीच्या कोठीत लपले. जेवायला येतील म्हणून आई वाट बघत होती, पण ती आकांत करेल या भीतीने तिला कळवलंच नाही. बाप, बेन रॉस, अन्न घेऊन आला तो डोळ्यांवर रुमाल बांधून. निघताना तसाच, मुलांच्या हाताला धरून, थोडं अंतर सोबत चालला. पुढे चौकशी झाली तेव्हा म्हणाला, या नाताळात पोरांपैकी एकालाही पाहिलं नाही. खोटं बोलायची वेळच आली नाही त्याच्यावर! मला तर ही युक्ती पत्रापेक्षाही वरची वाटते.

२९ डिसेंबरला ते फिलाडेल्फियात, पळून आलेल्यांना मदत करणाऱ्या विल्यम स्टिल यांच्या कचेरीत पोचले. स्टिल येणाऱ्या प्रत्येकाची नोंद ठेवत, म्हणून ही तारीख आपल्याला माहीत आहे.