रेघ, खडी आणि रविवारची रेस

येत्या रविवारी फॉर्म्युला वनची ऑस्ट्रियाची रेस. आपल्याकडे संध्याकाळी साडेसहाला, म्हणजे बाहेर पाऊस, घरात दिवेलागण आणि रिमोटवरून आईशी तह. पण प्रभादेवीच्या आमच्या टोळक्यात भांडणं आजच सुरू झालीत. विषय दरवर्षीचाच, ट्रॅक लिमिट, म्हणजे गाडी ट्रॅकच्या हद्दीबाहेर गेली की नाही.

नियम म्हटला तर सोपा. पांढरी रेघ ट्रॅकमध्ये धरतात, तिच्या बाहेरचा रंगीत कर्ब (कडेचा उंचवटा) धरत नाहीत. चारही चाकं रेघेपलीकडे गेली की गाडी बाहेर. क्वालिफायिंगमध्ये, म्हणजे रेसला कोण कितव्या जागेवरून सुटणार हे ठरवताना, ती लॅप (ट्रॅकची फेरी) रद्द. रेसमध्ये तिसऱ्या चुकीला काळा-पांढरा झेंडा दाखवून तंबी आणि चौथीला पाच सेकंदांचा दंड. मी मंडळाकडून कबड्डी खेळलेला माणूस. तिथे एरवी पाय बाहेर टेकला की बाद, पण पकडीची झटापट चालू असताना अंगाचा एखादा भाग आत टेकलेला असला तर चालतं. त्यामुळे हा नियम मला ओळखीचा वाटतो: एक चाक आत, तर गडी आत!

मग ऑस्ट्रियातच एवढा राडा का? साधारण ४.३ किलोमीटरचा छोटासा ट्रॅक, त्यात नववं आणि दहावं ही शेवटची दोन वळणं उजवीकडची, उताराची आणि वेगाची. गाडी आपसूक डावीकडे बाहेर फेकली जाते. पूर्वी तिथे कर्बपलीकडे डांबरच होतं, म्हणजे बाहेर गेलं तरी नुकसान काही नाही, उलट वेग टिकतो. त्यात ड्रायव्हर बसलेला जमिनीलगत, मधोमध. कडेची रेघ त्याला धड दिसतही नाही. जवळपास दोन मीटर रुंदीची गाडी तो अंदाजानेच सोडतो.

२०२३ मध्ये याचा कळस झाला. अधिकाऱ्यांसमोर तपासायला १२०० हून जास्त प्रकरणं आली. रेस संपली, पोडियमवर बक्षिसं झाली, आम्ही जेवलोसुद्धा, आणि मग ॲस्टन मार्टिन संघाच्या तक्रारीनंतर आठ ड्रायव्हरना आणखी दंड बसला. ओकॉनला एकट्याला ३० सेकंद. साईन्झ चौथ्यावरून सहावा. निकाल रात्री उशिरा बदलतो, याला काय रेस म्हणायची? माझ्या भाच्याने तेव्हा फोन भिरकावला होता (सोफ्यावर, एवढं भान होतं त्याला).

२०२४ मध्ये त्या दोन वळणांच्या बाहेर खडीचा पट्टा टाकला. कर्बही अरुंद केला, त्यामुळे रेघ आणि खडी यांच्यामध्ये अख्खी गाडी मावतच नाही. चाक खडीत गेलं की वेळ जातो, गाडी डगमगते, टायरला कचरा चिकटतो. कॅमेरा लागत नाही, तक्रारअर्ज लागत नाही. आमच्या ऑफिसातले एक ज्येष्ठ सहकारी, जुना ड्रायव्हर आयर्टन सेना याच्या काळापासून रेस बघणारे, त्यांना हे ऐकून धन्य वाटतं. "आम्ही हेच सांगत होतो," म्हणतात.

भाचा मात्र ऐकत नाही. तो पियास्ट्रीचा भक्त. खडी टाकली त्याच वर्षी क्वालिफायिंगमध्ये पियास्ट्रीची लॅप सहाव्या वळणावरून रद्द झाली आणि तो तिसऱ्यावरून सातव्यावर गेला. त्याच्या संघाने, मॅक्लारेनने, दाद मागितली, ती फेटाळली. रेसमध्ये त्याच संघाच्या नॉरिसला ट्रॅक लिमिटसाठीच पाच सेकंद. "मग खडीने काय सुटलं, मामा?"

मुद्दा चुकीचा नाही, पण अर्धाच आहे. रेघ कुठेतरी लागणारच. प्रश्न तिच्या पलीकडे काय ठेवलंय हा आहे. पलीकडे फायदा ठेवलात तर सगळेच्या सगळे तिकडे जातील, आणि मग खोलीत बसून स्क्रीनवर चाकं मोजत बसावं लागेल. पलीकडे तोटा ठेवलात तर उरतील ती मोजकी प्रकरणं, आणि ती कॅमेऱ्याने खुशाल तपासावीत. खडीलाही भानगडी आहेत, हे मान्य. दगड ट्रॅकवर येतात, आणि याच ट्रॅकवर मोटोजीपी ही मोटरसायकलींची रेसही होते, त्या लोकांचाही विचार करावा लागतो. तरीही मी खडीच्या बाजूचा.

आता रविवारी किती काळे-पांढरे झेंडे निघतील यावर पैज लागली आहे. भाचा म्हणतो सहा, ज्येष्ठ म्हणतात एकही नाही, मी दोन धरलेत. हरणाऱ्यांनी सगळ्यांना दादरला प्रकाशमध्ये पियुष पाजायचं. आईनेही आकडा लावलाय, बारा. तिला नियम माहीत नाही, पण पियुष हवंय.